रिसर्च प्रोजेक्टची डेटाबेसमध्ये नोंद: मंजुरीचं पत्र येतं तिथपासून खातं मिटेपर्यंत

नॅकची (कॉलेज-विद्यापीठांचं मूल्यांकन करणारी परिषद) तारीख जवळ आली किंवा एनआयआरएफचं (केंद्राच्या संस्था-क्रमवारीचं) पोर्टल उघडलं की आपल्याकडं सगळ्या विभागांत एकच धावपळ. प्रोजेक्ट किती झाले, कुणाच्या नावावर, पैसे किती आले, पत्रं कुठंयत. कुणी कपाटातल्या जुन्या फायली उपसायलेत, कुणी रिटायर झालेल्या सरांना फोन लावायलेत, आणि शेवटी एक्सेलमध्ये काहीतरी भरून पाठवलं जातं ज्याचा हिशोब अकाउंट सेक्शनशी लागत नाही. डेटाबेस असून असं होतं, कारण डेटाबेसमध्ये नोंद करायची ती मागणी आल्यावर, असा आपला रिवाज झालाय. मंजुरीचं पत्र आलं त्याच आठवड्यात नोंद पडली पाहिजे आणि पुढं आलेला प्रत्येक कागद त्याच नोंदीत चढला पाहिजे. तुमच्याकडं युनिव्हर्सिटीचं ईआरपी असो, रिसर्च सेलनं बनवून घेतलेलं पोर्टल असो नाहीतर साधी गुगल शीट असो, खालचं सगळं तिन्हीला लागू पडतं.

आधी प्रोजेक्ट कशाला म्हणायचं ते ठरवा

हे ठरवलं नाही तर दोन वर्षांत यादीत काहीही जमा होतं. साधा नियम ठेवा. ज्या कामाला संस्थेच्या बाहेरच्या कुणीतरी लेखी मंजुरी दिलीय, पैसे दिलेत आणि मुदत ठरवलीय, तो बाह्य अनुदानाचा प्रोजेक्ट. युनिव्हर्सिटी किंवा कॉलेजनं स्वतःच्या फंडातून दिलेलं सीड मनी वेगळ्या प्रकारात टाका, कन्सल्टन्सी वेगळी (एनआयआरएफ पण स्पॉन्सर्ड रिसर्च आणि कन्सल्टन्सीचे आकडे वेगवेगळेच मागतं), आणि सेमिनार-कॉन्फरन्सला मिळालेलं अनुदान इथं घुसडूच नका. पीएचडीचं काम म्हणजे प्रोजेक्ट नाही, त्याचा प्रबंध शोधगंगावर (प्रबंधांचं ऑनलाइन भांडार) जातो, त्याची नोंद वेगळी. आविष्कारमधलं (विद्यापीठांची संशोधन स्पर्धा) पोस्टरही प्रोजेक्ट नाही, कितीही बक्षिसं मिळाली असली तरी.

मंजूर न झालेले प्रस्ताव टाकायचे का, असं बरेच जण विचारतात. टाका, पण स्टेटस 'प्रस्ताव पाठवला' किंवा 'नामंजूर' असं ठेवून. कोणत्या एजन्सीकडं आपले किती प्रस्ताव जातात आणि किती परत येतात हे दुसरीकडं कुठंच लिहिलेलं नसतं.

नोंदीला बसण्याआधी टेबलावर काय पाहिजे

मंजुरीचं पत्र पाहिजे, आणि पत्र म्हणजे पत्र, 'युअर प्रपोजल हॅज बीन रेकमेंडेड' असा ईमेल नव्हे. रेकमेंडेड आणि सँक्शन्ड यात कधीकधी सहा-आठ महिने जातात आणि मधे रक्कम कापली जाते. दुसरं म्हणजे मंजूर झालेलं बजेट, हेडनिहाय, म्हणजे उपकरणं, मनुष्यबळ, प्रवास अशा खर्चाच्या बाबींनुसार. सरांनी प्रस्तावात मागितलेलं बजेट इथं कामाचं नाही. तिसरं, अटी-शर्तींचं परिशिष्ट, जे सहसा कुणी वाचत नाही आणि सगळी भांडणं त्यातूनच निघतात. संस्थेनं अटी मान्य केल्याचं पत्र, जावक क्रमांकासकट. माणसांकडून माहिती किंवा नमुने घेणार असाल तर एथिक्स कमिटीची मंजुरी, प्राण्यांवर काम असेल तर त्या कमिटीची. को-पीआय (पीआय म्हणजे प्रोजेक्टचा मुख्य संशोधक, को-पीआय त्याचा सहसंशोधक) दुसऱ्या संस्थेतला असेल तर त्या संस्थेचं संमतीपत्र.

यातलं एखादं नसेल तर नोंद अडवू नका, त्या जागी 'प्रलंबित' लिहा आणि कुणाकडून यायचंय ते लिहा. अडवली की ती नोंद राहिलीच समजा.

नंबर द्या, आणि नंबरात जास्त हुशारी करू नका

प्रत्येक प्रोजेक्टला संस्थेचा स्वतःचा एक नंबर पाहिजे, एजन्सीचा फाइल नंबर वेगळ्या रकान्यात. बरेच जण नंबरातच विभाग, एजन्सी, पीआयची आद्याक्षरं सगळं कोंबतात. पुढं विभागाचं नाव बदलतं, दोन विभाग एक होतात, पीआय बदली होऊन जातो आणि नंबर खोटं बोलायला लागतो. वर्ष आणि अनुक्रमांक एवढंच पुरेसं, म्हणजे २०२४-०१७ असं. एकदा दिलेला नंबर परत कुणाला द्यायचा नाही, प्रोजेक्ट रद्द झाला तरी नाही.

आणि हो, एका प्रोजेक्टला एकच नंबर. हे सांगायचं कारण असं की केंद्राच्या एजन्सी बऱ्याचदा एकाच प्रोजेक्टचे पैसे सोडताना दोन आदेश काढतात, एक कॅपिटलचा म्हणजे उपकरणांचा आणि एक जनरलचा म्हणजे बाकीच्या खर्चाचा. दोन कागद, दोन रकमा, फाइल नंबर जवळपास तोच. मग कुणीतरी दोन्ही कागद बघून दोन प्रोजेक्ट चढवतो आणि यादीत एकाच सरांचे एकाच शीर्षकाचे दोन प्रोजेक्ट दिसायला लागतात. आदेश कितीही आले तरी ते त्या एकाच नंबरखाली हप्ते म्हणून चढवायचे.

नावांचा गोंधळ, जो आपल्याकडं जरा जास्तच आहे

मराठवाड्यात हे प्रकरण खास आहे. १९५८ साली सुरू झालेलं मराठवाडा विद्यापीठ, १९९४ ला नामविस्तार होऊन डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ. त्याच वर्षी नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ झालं आणि नांदेड, लातूर, परभणीकडची कॉलेजं तिकडं गेली. परभणीचं कृषी विद्यापीठ १९७२ चं, त्याला वसंतराव नाईकांचं नाव २०१३ ला लागलं. २०२३ ला औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं आणि उस्मानाबादचं धाराशिव. एजन्सींचंही तेच, एसईआरबी (केंद्राचं विज्ञान व अभियांत्रिकी संशोधन मंडळ) आता एएनआरएफमध्ये (राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान) गेलीय. आता डेटाबेसमध्ये 'औरंगाबाद' टाकून शोधलं तर अर्धे प्रोजेक्ट येतात, 'संभाजीनगर' टाकलं तर उरलेले, आणि कुणी 'छ. संभाजीनगर' टाइप केलं असेल तर ते तिसरीकडंच.

जुन्या नोंदी खोडून नवं नाव टाकायचं का? नको. कागदावर जे नाव आहे ते 'कागदावरचं नाव' म्हणून तसंच राहू द्या, कारण तपासणीला येणारा माणूस नोंद आणि पीडीएफ शेजारी ठेवून बघतो. त्याच्या बाजूला 'आजचं नाव' असा दुसरा रकाना ठेवा आणि तो हातानं टाइप न करता यादीतून निवडायचा करा. एजन्सी, विभाग, जिल्हा या तिन्हीला यादी पाहिजेच. डीएसटी, डी.एस.टी., विज्ञान व तंत्रज्ञान विभाग, सायन्स अँड टेक्नॉलॉजी डिपार्टमेंट अशा चार रूपांत एकच एजन्सी असली की एनआयआरएफला 'फंडिंग एजन्सी किती' याचं उत्तर चुकणारच.

माणसांच्या नावाचं त्याहून वाईट. सर्व्हिस बुकात आडनाव आधी, रिसर्च पेपरवर आद्याक्षरं, मॅडमच्या बाबतीत लग्नाआधीचं एक आणि नंतरचं एक. म्हणून नावावर विसंबू नका, एम्प्लॉयी आयडी टाका आणि सोबत ऑर्किड आयडी (संशोधकाचा जागतिक ओळख क्रमांक) टाका, १६ अंकी असतो, फुकट मिळतो, माणसानं नोकरी बदलली तरी बदलत नाही. पुढं पेपर आणि प्रोजेक्ट जोडायचे झाले की हाच उपयोगी पडतो.

शीर्षक मराठीत असेल तर युनिकोडमध्येच टाका. श्रीलिपीत (युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमध्ये) टाइप केलेलं शीर्षक पेस्ट केलं की डेटाबेसमध्ये नुसती चिन्हं दिसतात, ते परत टाइपच करावं लागतं. युनिकोडमध्येही 'शेतकऱ्यांच्या' मधला ऱ्या दोन पद्धतींनी टाइप होतो, दिसायला जवळपास एक, कॉम्प्युटरला वेगळे, त्यामुळं शोधताना एक सापडतो आणि दुसरा नाही. म्हणून मराठी, हिंदी, उर्दू विभागांच्या प्रोजेक्टला इंग्रजी शीर्षकाचा रकाना पण भरून ठेवा.

तारखा आणि पैसे, इथं वेळ द्या

तारीख म्हणजे एकच रकाना, असं कुठल्याही पोर्टलवर दिसलं तर सेलकडं जाऊन तो वाढवून घ्या. पत्राची तारीख, पैसे बँकेत जमा झाल्याची तारीख, प्रोजेक्ट सुरू झाल्याची तारीख आणि संपायची तारीख, या चार वेगळ्या गोष्टी आहेत. मुदत कधीपासून मोजायची हे अटींमध्ये लिहिलेलं असतं, काही एजन्सी आदेशाच्या तारखेपासून मोजतात, काही पैसे मिळाल्यापासून. अंदाजानं टाकू नका. आणि एक्सेलमध्ये तारखेचा फॉरमॅट बघा, ०५/०३ म्हणजे ५ मार्च का ३ मे हे कॉम्प्युटरच्या सेटिंगवर जातं. महिना अक्षरात टाकला की प्रश्नच मिटतो.

'वर्ष' हा रकाना हातानं भरायचाच नाही. नॅकला बहुतेक ठिकाणी शैक्षणिक वर्ष लागतं, एनआयआरएफच्या या भागाला आर्थिक वर्ष म्हणजे १ एप्रिल ते ३१ मार्च. खरी तारीख असली की दोन्ही वर्षं फॉर्म्युल्यानं निघतात, नुसतं '२०२३-२४' लिहिलं असेल तर ते कोणतं वर्ष हे लिहिणाऱ्यालाच माहीत.

पैशाचे तीन आकडे तीन रकान्यांत राहिले पाहिजेत: मंजूर, मिळालेले, खर्च झालेले. सगळ्यात जास्त घोळ इथंच आहे, म्हणून एक उदाहरण घेऊ, काल्पनिकच. समजा बीडच्या एका कॉलेजातल्या मॅडमना कोरडवाहू तुरीवर तीन वर्षांचा प्रोजेक्ट मिळाला, मंजूर रक्कम २४,००,०००. त्यात उपकरणं ३,००,०००, मनुष्यबळ १५,५०,०००, केमिकल-काचसामान वगैरे २,५०,०००, प्रवास १,२०,०००, कंटिंजन्सी ८०,००० आणि संस्थेचा ओव्हरहेड १,००,०००. पहिला हप्ता १०,००,००० चा, खात्यात जमा झाला २२ मार्च २०२४ ला. आता मार्च एंडच्या गडबडीत खरेदी काय होणार, खर्च सगळा एप्रिलनंतर. म्हणजे २०२३-२४ ला मिळालेले १०,००,०००, खर्च शून्य. एनआयआरएफला त्या वर्षात प्रत्यक्ष मिळालेली रक्कम लागते, म्हणून २०२३-२४ समोर दहा लाख जाणार, चोवीस नाही. नॅकच्या तक्त्यात मंजूर रक्कम आणि मंजुरीचं वर्ष मागितलं असेल तर तिथं चोवीस. दोन्ही बरोबर, प्रश्न वेगळे आहेत. आणि त्या वर्षाची यूसी (युटिलायझेशन सर्टिफिकेट, पैसे कसे वापरले त्याचं प्रमाणपत्र) पण करायचीच, खर्च शून्य आणि शिल्लक पूर्ण अशी, शिल्लक पुढच्या वर्षात वापरायची परवानगी मागून. 'खर्चच नाही तर यूसी कशाची' असं म्हणून ती ठेवून दिली की दुसरा हप्ता तिथंच अडकतो, आणि जेआरएफचा (प्रोजेक्टवरच्या ज्युनियर रिसर्च फेलोचा) पगार थांबल्यावर सगळ्यांना जाग येते.

सगळ्या रकमा पूर्ण रुपयांत टाका. कुणी २४ लिहितं, कुणी २४ लाख, कुणी २४००००० आणि बेरीज केली की काहीतरी भलतंच येतं. 'लाख' हा शब्द त्या रकान्यात आला की एक्सेल त्याला आकडा समजतच नाही, गुपचूप सोडून देतं, एरर पण दाखवत नाही.

दोन-तीन संस्थांचा मिळून प्रोजेक्ट असेल, उदाहरणार्थ पीआय परभणीच्या कृषी विद्यापीठात आणि को-पीआय आपल्याकडं, तर एकूण रक्कम वेगळी लिहा आणि आपल्या संस्थेच्या खात्यात आलेली वेगळी. आपली म्हणून आपल्या खात्यात आलेलीच मोजायची. पूर्ण रक्कम आपली दाखवायचा मोह लै होतो, पण दोन संस्थांनी एकच पैसा मोजला की कधीतरी ते समोरासमोर येतं.

हप्त्यांचा वेगळा तक्ता करा, प्रोजेक्ट नंबरनं जोडलेला: आदेश क्रमांक, आदेशाची तारीख, कॅपिटल का जनरल, रक्कम, जमा झाल्याची तारीख, बँकेचा यूटीआर (व्यवहाराचा) नंबर. आणि व्याजाला स्वतंत्र रकाना ठेवा. केंद्राच्या अनुदानावर बँकेत मिळालेलं व्याज आपलं नसतं, जीएफआर २०१७ (केंद्राचे सामान्य वित्तीय नियम) च्या नियम २३० नुसार हिशोब पूर्ण झाले की ते परत भारताच्या संचित निधीत भरावं लागतं, भारतकोशवरून (सरकारकडं पैसे भरायचं पोर्टल) भरता येतं. काही विभाग ते व्याज कंटिंजन्सीत वापरून टाकतात आणि ऑडिटला ते स्वतःच्या फंडातून भरायची वेळ येते.

माणसं आणि वस्तू

जेआरएफ, फील्ड असिस्टंट जे कुणी असतील त्यांची रुजू तारीख, सोडल्याची तारीख आणि कोणत्या दरानं पगार. २०२३ च्या केंद्राच्या आदेशानुसार १ जानेवारी २०२३ पासून जेआरएफला महिना ३७,००० आणि एसआरएफला (सीनियर फेलोला) ४२,०००, घरभाडं भत्ता वेगळा, आणि तो शहराच्या वर्गावर. केंद्राच्या यादीत छत्रपती संभाजीनगर आणि नांदेड वाय वर्गात येतात, लातूर, बीड, परभणी झेडमध्ये, त्यामुळं संभाजीनगरचा बजेट तक्ता बघून लातूरच्या पोरांचा भत्ता टाकू नका. कामाचं ठिकाण हा रकाना म्हणून पाहिजे.

उपकरण आलं की डेड स्टॉक रजिस्टरचा पान नंबर आणि अनुक्रमांक प्रोजेक्टच्या नोंदीत टाका. सरकारी अनुदानातून घेतलेली वस्तू मंजुरी देणाऱ्याच्या परवानगीशिवाय विकता किंवा निर्लेखित करता येत नाही, आणि पाच-सात वर्षांनी ती वस्तू कोणत्या प्रोजेक्टातली हे लॅबमधल्या कुणालाच आठवत नसतं.

फायली कशा चढवायच्या

स्कॅन सरळ, वाचता येईल असा, पानं क्रमानं. मोबाइलवर काढलेला तिरका फोटो, कोपऱ्यात चहाचा कप, हे नको. फाइलचं नाव 'स्कॅन००१२' किंवा 'न्यू फायनल' असं ठेवलं तर ती नसल्यातच जमा, म्हणून प्रोजेक्ट नंबर, कागदाचा प्रकार, तारीख या क्रमानं द्या: २०२४-०१७, मंजुरीपत्र, ११ मार्च २०२४. ड्राइव्हची लिंक टाकणार असाल तर ती संस्थेच्या खात्यातली पाहिजे, सरांच्या खासगी जीमेलमधली नको, सर गेले की लिंक गेली.

काय चढवायचं नाही हे पण सांगतो. आधार, पॅन, बँक पासबुक, जात प्रमाणपत्र, गावात जाऊन भरून आणलेले फॉर्म ज्यात लोकांची नावं, मोबाइल नंबर, आजार लिहिलेत, यातलं काही सगळ्यांना दिसणाऱ्या डेटाबेसमध्ये जाता कामा नये. पगाराचे कागद अकाउंटकडं, फील्डचे फॉर्म पीआयकडं कुलपात. डेटाबेसमध्ये फक्त 'मूळ कागद कुठं आहे' एवढं लिहा.

दर तीन महिन्यांनी एक बैठक, अर्ध्या तासाची

रिसर्च सेलचा माणूस, अकाउंट सेक्शनचे भाऊसाहेब आणि पीआय एका टेबलावर. भाऊसाहेब लेजरमधून हेडनिहाय खर्च वाचतात, तुम्ही नोंदीत टाकता, पीआय सांगतो की खरेदी कुठवर आली. खर्चाचा आकडा नेहमी लेजरमधूनच घ्यायचा, पीआयच्या डायरीतून नाही. सरांच्या डोक्यात ऑर्डर दिली की खर्च झाला, अकाउंटच्या हिशोबात बिल पास होऊन पैसे गेले की खर्च. दोघांचंही आपापल्या जागी खरं आहे पण यूसी लेजरवरून बनते. केंद्राच्या अनुदानाची यूसी जीएफआर १२-ए नमुन्यात असते आणि नियमानं आर्थिक वर्ष संपल्यापासून बारा महिन्यांत जायला पाहिजे, पण पुढचा हप्ता त्याआधी पाहिजे असतो म्हणून मे-जूनमध्येच सीएकडून सही आणलेली बरी.

बदल झाला तर जुनं खोडू नका

पीआय बदलीवर गेला, रिटायर झाला, एजन्सीनं नवीन पीआयला मान्यता दिली. अशा वेळी नाव बदलून टाकायचं नसतं, जुन्या पीआयसमोर 'पर्यंत' तारीख आणि नव्यासमोर 'पासून' तारीख टाकायची. नाहीतर जुन्या सरांच्या प्रमोशनच्या फायलीत तो प्रोजेक्ट दिसेनासा होतो आणि ते सेलमध्ये येऊन जे बोलतात ते ऐकावं लागतं. नो कॉस्ट एक्स्टेन्शन (जादा पैसे न देता मुदतवाढ) मिळालं तरी तसंच, मूळ संपायची तारीख राहू द्या, वाढीव तारीख आणि त्या पत्राचा नंबर शेजारी. एका हेडमधले पैसे दुसऱ्यात वळवले तर कोणाच्या परवानगीनं ते लिहा.

पूर्ण वेगळं, बंद वेगळं

स्टेटसमध्ये या दोन पायऱ्या नसतील तर घालून घ्या. काम संपलं, अंतिम अहवाल गेला, की 'पूर्ण'. शेवटची यूसी आणि खर्चाचा ऑडिट झालेला तपशील एजन्सीनं स्वीकारला, उरलेले पैसे आणि व्याज परत गेले, मिळायचा राहिलेला हप्ता आला किंवा येणार नाही असं लेखी कळलं, उपकरणं स्टॉकला दिसली, मगच 'बंद'. आपल्याकडं पूर्ण झालेले आणि बंद न झालेले प्रोजेक्ट वर्षानुवर्षं पडून असतात. यूजीसीच्या जुन्या मायनर प्रोजेक्टच्या फायली बघा, त्यातल्या कितींचा शेवटचा हिशोब लागलाय ते विचारलं की लोक विषय बदलतात. पुढं त्याच संस्थेचा नवा प्रस्ताव गेला की एजन्सी जुनी थकलेली यूसी काढून दाखवते.

बंद करताना त्या प्रोजेक्टमधून निघालेले पेपर डीओआयसकट (पेपरचा कायमचा ऑनलाइन क्रमांक) जोडा, पेटंटचा अर्ज असेल तर त्याचा नंबर, आणि पेपरच्या आभारात एजन्सीचा फाइल नंबर छापलाय का बघा, नसेल तर तो पेपर त्या प्रोजेक्टचा म्हणून दाखवायला अडचण येते.

नोंद बदलायचा अधिकार प्रत्येक विभागात एकालाच, बघायचा सगळ्यांना. लॉगिन माणसाच्या नावावर नको, पदाच्या नावावर ठेवा, म्हणजे समन्वयक बदलला की पासवर्ड तेवढा बदलायचा. आणि दरवर्षी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात पूर्ण डेटा एक्सेलमध्ये उतरवून त्यावर तारीख टाका, एक प्रत वित्त व लेखा अधिकाऱ्यांकडं द्या आणि पोच घ्या, कारण पोर्टल बनवून देणाऱ्या कंपनीचं कंत्राट संपलं की पोर्टल चालू राहील याची लेखी हमी सहसा कुणी दिलेली नसते.